कवटीचा टी-शर्ट आणि झेंडूचे फूल

वाचकांचे संगीतविषयक प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे बडोद्याची आहेत आणि तिन्हींचा विषय जवळजवळ एकच आहे. रॉक संगीत वाजवणाऱ्या कलाकारांचे जे बंडखोर, बेदरकार रूप आपण पाहतो, ते खरे किती आणि रंगवलेले किती, असा तो प्रश्न आहे. मी स्वतः बडोद्यात वाढलो असल्यामुळे या पत्रांना सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. म्हणून इतर पत्रे पुढील अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : आमचे घर चार पिढ्यांपासून दांडिया बाजारात आहे. माझी आई येथील गायनशाळेत शिकली आणि घरात पेटी व तंबोरा आजही आहेत. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याने तीन मित्रांबरोबर रॉक बँड काढला आहे. केस खांद्यापर्यंत वाढवले आहेत, छातीवर कवटी छापलेला काळा टी-शर्ट अंगातून निघत नाही आणि खोलीच्या भिंतीवर तोंड रंगवलेल्या, जीभ बाहेर काढलेल्या गायकांची चित्रे आहेत. या लोकांच्या व्यसनांविषयी आणि धिंगाण्याविषयी वाचले की झोप उडते. गेल्या दसऱ्याला मात्र त्याने कोणी न सांगता आपली गिटार पेटीशेजारी पाटावर ठेवली आणि तिच्यावर झेंडूचे फूल वाहिले. हे कलाकार खरोखर तसेच वागतात का आणि मी मुलाला थांबवावे का, हे कृपया सांगावे.
— एक वडील, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तुमची झोप त्यावर अवलंबून आहे. मुलाला थांबवू नका. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्यासारखे नाही.

तुमच्या मुलाच्या भिंतीवर डोळ्यांभोवती काजळाचे ओघळ रंगवलेला आणि गळ्यात साप घेतलेला एक गायक असेल, तर तो बहुधा अॅलिस कूपर असावा. त्याचे मूळ नाव व्हिन्सेंट फर्निअर. तो १९४८ साली डेट्रॉइटला एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. रंगमंचावर तो गिलोटिनखाली स्वतःचे मुंडके छाटून घेण्याचा खेळ करीत असे. १९६९ साली टोरंटोच्या एका कार्यक्रमात कोणीतरी जिवंत कोंबडी रंगमंचावर सोडली. पक्षी आहे म्हणजे उडेल, अशा समजुतीने त्याने ती प्रेक्षकांकडे भिरकावली आणि प्रेक्षकांनीच तिचे तुकडे केले. वर्तमानपत्रांत मात्र असे छापून आले की, त्याने कोंबडीचे मुंडके दातांनी तोडले. ज्यांच्या कंपनीतर्फे त्याच्या तबकड्या निघत होत्या, त्या संगीतकार फ्रँक झापा यांनी त्याला फोन करून खरे काय ते विचारले. आपण तसे काही केले नाही, असे त्याने सांगितल्यावर झापांनी दिलेला सल्ला असा होता की, हे कोणालाही सांगू नकोस. त्या एका न केलेल्या कृत्यावर त्याची पुढची कीर्ती उभी राहिली. हाच मनुष्य १९७६ पासून एकाच पत्नीबरोबर संसार करतो आहे, १९८० च्या दशकापासून दारूला शिवलेला नाही, नेमाने चर्चला जातो आणि गोल्फ खेळतो. फिनिक्स शहरात त्याने आणि त्याच्या पत्नीने उभारलेल्या संस्थेत किशोरवयीन मुलांना संगीत विनामूल्य शिकवले जाते.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. निळू फुले यांना पडद्यावर पाहून खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना शिव्याशाप देत असत आणि प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात घडलेले, अंधश्रद्धा निर्मूलनासारख्या चळवळींना अखेरपर्यंत साथ देणारे अतिशय ऋजू गृहस्थ होते. फरक आहे तो एवढाच, पण तो महत्त्वाचा आहे. नाटक-सिनेमात खेळ संपल्याचे प्रेक्षकाला कळते. श्रेयनामावलीत नटाचे नाव वेगळे आणि पात्राचे वेगळे असते. रॉक संगीतात पात्राचे आणि कलाकाराचे नाव एकच असते, त्यामुळे पडदा कधी पडतच नाही. कार्यक्रम संपल्यावर तोच खेळ मुलाखतींतून, छायाचित्रांतून आणि अफवांतून पुढे चालू राहतो, आणि तो तसा चालू राहावा यासाठी पदरी माणसे ठेवलेली असतात.

या पदरच्या माणसांचे काम किती मोठे असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांचे आहे. बीटल्स ही लिव्हरपूलसारख्या कष्टकऱ्यांच्या बंदरातली मुले होती आणि १९६० नंतर हँबर्गच्या रात्रीच्या क्लबांत चामडी जाकिटे घालून पहाटेपर्यंत वाजवून ती चांगलीच रापलेली होती. त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी त्यांना सूट-टाय चढवले, गाणे संपल्यावर कमरेत वाकून अभिवादन करायला शिकवले आणि ती इंग्लंडची लाडकी मुले झाली. रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर हा लंडनजवळच्या सुस्थित घरातला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणारा विद्यार्थी. त्यांचे व्यवस्थापन अँड्र्यू लूग ओल्डम या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने १९६३ साली हाती घेतले आणि बीटल्स सभ्य ठरले असतील तर आपण असभ्य ठरायचे, असे धोरण आखले. आपल्या मुलीला तुम्ही यांच्याबरोबर जाऊ द्याल का, अशा अर्थाचे मथळे झळकू लागले आणि ते ओल्डमला हवेच होते. कपड्यांवरून पाहणाऱ्याला दोन्ही बँडांची घरची स्थिती नेमकी उलटी वाटली असती.

याच रोलिंग स्टोन्सचे तालवादक चार्ली वॉट्स यांच्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण भिंतीवरच्या चित्रांत ते सहसा मागे, अर्धवट झाकलेले असतात. १९६४ साली त्यांनी शर्ली यांच्याशी विवाह केला आणि २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो टिकला. दोघांनी डेव्हनमध्ये अरबी घोड्यांची पैदास केली. ते उत्तम शिवलेले सूट घालत. दौऱ्यावर असताना बँडमधील इतरांच्या रात्री कशाही जात असल्या, तरी वॉट्स आपल्या हॉटेलच्या खोलीत बसून ज्या पलंगावर झोपायचे त्या पलंगाचे रेखाचित्र काढत. एक-दोन दौरे नव्हे, कित्येक दशके त्यांनी हा नेम पाळला आणि झोपलेल्या प्रत्येक पलंगाच्या रेखाचित्रांनी त्यांच्या वह्या भरल्या. जगातल्या सर्वांत बदनाम बँडच्या ठेक्याला धरून ठेवणारा माणूस असा होता.

तुमचा मुलगा अभियांत्रिकीचा आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. ती त्यालाही सांगा. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या कार्यक्रमाच्या करारात एक कलम असे होते की, कलाकारांच्या खोलीत एम अँड एमच्या चॉकलेट-गोळ्या ठेवाव्यात, परंतु त्यांत तपकिरी रंगाची एकही गोळी नसावी. लाडावलेल्या कलाकारांच्या माजाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. गायक डेव्हिड ली रॉथ यांनी पुढे तिचे कारण सांगितले. त्यांच्या दिव्यांचा आणि ध्वनियंत्रणेचा पसारा एवढा अवजड होता की, रंगमंचाची भार सोसण्याची ताकद आणि वीजजोडणी करारात लिहिल्याप्रमाणे नसेल, तर माणसांच्या जिवावर बेतले असते. करार जाडजूड असल्याने स्थानिक आयोजक तो वाचतात की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मध्येच हे कलम घातलेले होते. तपकिरी गोळी दिसली की आयोजकांनी करार वाचलेला नाही, असे समजून बँडची माणसे सगळी जोडणी पहिल्यापासून तपासत. जगाला जो उन्मत्तपणा वाटला, तो प्रत्यक्षात सुरक्षिततेची चाचणी होती.

एवढे वाचून हे सगळे सज्जनच असतात, असा तुमचा समज होऊ देणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि गायिका जॅनिस जॉप्लिन १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काही दिवसांच्या अंतराने, अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेले. दोघेही सत्तावीस वर्षांचे होते. द हू या बँडचा कीथ मून १९७८ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला, तो दारू सोडण्यासाठी दिलेल्या औषधाच्याच अतिरेकी मात्रेने. मूनची गोष्ट मला फार लागते. हॉटेलच्या खोल्या फोडणारा वेडा तालवादक अशी त्याची ख्याती झाल्यावर तो जेथे जाई, तेथे लोक त्याच्याकडून धिंगाण्याचीच अपेक्षा करीत, आणि एकट्या, घाबरलेल्या, दारूपासून सुटू पाहणाऱ्या मुलाला ती अपेक्षा पुरी करावी लागे. गायक ऑझी ऑस्बर्न यांनी १९८२ साली डी मॉइन शहरात रंगमंचावर वटवाघळाचे मुंडके चावले, ते रबराचे खेळणे समजून. त्यानंतर त्यांना रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. गैरसमजातून घडलेल्या त्या प्रकाराला लोकांनी सैतानी कृत्य मानले. त्यांचे व्यसन मात्र खरेच होते, ते त्यांनी स्वतः कधी लपवले नाही आणि त्याची किंमत त्यांच्या कुटुंबाने मोजली.

आणि उलटे उदाहरणही तुमच्यासारख्या पालकाने ध्यानात ठेवावे. गॅरी ग्लिटर हा १९७० च्या दशकातला ब्रिटिश गायक चमचमत्या कपड्यांत आनंदी, टाळ्या वाजवायला लावणारी गाणी म्हणे आणि आईबाप मुलांना घेऊन त्याच्या कार्यक्रमांना जात. लहान मुलींवरील लैंगिक अत्याचारांबद्दल २०१५ साली लंडनच्या न्यायालयाने त्याला सोळा वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या छातीवर कवटी नव्हती.

तेव्हा टी-शर्टवरून काही कळत नाही, ना चांगले ना वाईट. कळते ते तालमीच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी बाबाजीपुऱ्यातील अशाच एका बँडची तालीम ऐकायला मला बोलावले होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या होत्या आणि दारात चार जोड्या चपला ओळीने काढून ठेवल्या होत्या. सर्वांत भयंकर दिसणाऱ्या मुलाने, ज्याच्या दोन्ही दंडांवर गोंदण होते, बसण्याआधी ड्रमला हात लावून तो कपाळाला लावला. नंतर पाऊण तास ते एकाच चार मात्रांच्या जागेवर अडले होते, कारण गिटारवाला सम गाठण्याआधीच सुटत होता. कोणी कोणावर ओरडले नाही. पुन्हा, पुन्हा, एवढाच शब्द मी ऐकत होतो. तुम्हीही एकदा त्यांच्या तालमीला जाऊन बसा. मुलगा ठरल्या वेळी पोहोचतो का, मित्राचे चुकले तर त्याच्याशी कसा बोलतो, भाड्याने आणलेला अॅम्प्लिफायर धड परत करतो का, तालमीनंतर कोणाबरोबर कोठे जातो, हे तुम्हाला तेथे दिसेल. भिंतीवरच्या चित्रांत ते दिसणार नाही.

काळजीच करायची असेल तर त्याच्या कानांची करा. द हूच्या मे १९७६ मधील लंडनच्या एका कार्यक्रमात ध्वनिक्षेपकांपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला होता. त्या बँडचे गिटारवादक पीट टाउन्झंड यांची श्रवणशक्ती अधू झाली आणि कानांतला घणघणाट त्यांना आयुष्यभर पुरला. १०० डेसिबलच्या आवाजात रोज पंधरा मिनिटांहून अधिक राहणे कानांना सुरक्षित मानले जात नाही, आणि बंद खोलीत ड्रम वाजत असताना तो आकडा सहज गाठला जातो. तालमीला जाताना कानांत घालायचे बोळे त्याला आणून द्या आणि ते तो घालतो की नाही, याकडे केसांच्या लांबीपेक्षा अधिक लक्ष द्या.

प्रश्न : मी ललित कला विद्याशाखेत शिकते आणि शाळेपासून रॉक ऐकते. पण सिंहासनाविरुद्ध गाणारे पुढे त्याच सिंहासनाकडून सरदारकी घेतात, रस्त्यावरच्या पोरांची भाषा बोलणारे मोठ्या घरचे निघतात. हे बंड व्यवस्थापकांनी शिवून दिलेले असेल, तर ते ऐकून माझ्या अंगावर जो काटा आला, तोही फसवणुकीतूनच आला, असे मानायचे का?
— एक विद्यार्थिनी, फतेगंज, वडोदरा

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे आणि उदाहरणेही खरी आहेत. मिक जॅगर २००३ साली सर मिक झाले आणि त्यांचे जुने साथीदार कीथ रिचर्ड्स त्यामुळे उघडपणे चिडले. सेक्स पिस्टल्स या बँडचे गायक जॉन लायडन, ज्यांच्या एका गाण्याने १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात खळबळ उडवली होती, ते २००८ मध्ये इंग्रजी लोण्याच्या जाहिरातीत दिसले. रस्त्यावरच्या माणसाचा आवाज मानले गेलेले द क्लॅश या बँडचे गायक जो स्ट्रमर हे परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याचे चिरंजीव; त्यांचा जन्म अंकाराचा आणि शिक्षण निवासी शाळेतले.

तरीही तुमच्या अंगावर आलेला काटा खोटा होता, असे मी मानत नाही. स्ट्रमर यांचे वडील कोण होते, यावरून त्यांच्या गाण्यातील वर्णद्वेषाविरुद्धचा राग खोटा ठरत नाही. बाहेरच्याचे दुःख गायला कलाकाराला बंदी असेल, तर बालगंधर्वांना रुक्मिणी उभी करता आली नसती. लायडन यांचेच पाहा. ज्यांना असभ्यपणाचा पुतळा मानले गेले, त्यांनी स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या आपल्या पत्नीची, नोरा यांची, २०२३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत स्वतः शुश्रूषा केली. लोण्याची जाहिरात आणि ही शुश्रूषा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. त्यांतली एकच निवडून त्यावर शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला आहे, असे मला वाटत नाही.

मला या विषयात सर्वांत भावलेला प्रसंग १९ सप्टेंबर १९८५ चा आहे. गाण्यांतील शब्दांमुळे मुले बिघडतात, अशी तक्रार वॉशिंग्टनमधील काही राजकारण्यांच्या पत्नींनी केली होती आणि अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी चालू होती. ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर साक्षीला आला तो लांब, विस्कटलेल्या पिवळ्या केसांनी, बाह्या कापलेल्या डेनिमच्या कपड्यांत. त्याने मागच्या खिशातून चुरगळलेला, घडी घातलेला कागद काढला तेव्हा आता तमाशा होणार, असे अनेकांना वाटले असणार. त्याने अतिशय मुद्देसूद निवेदन वाचले. आपण विवाहित आहोत, तीन वर्षांचा मुलगा आहे, ख्रिस्ती धर्मात वाढलो आहोत, धूम्रपान, मद्यपान किंवा अमली पदार्थांचे सेवन करीत नाही, असे त्याने सांगितले. ज्या गाण्यात छळ आणि बंधने शोधली गेली होती, ते गाणे बँडमधील गिटारवादकाच्या घशावरील शस्त्रक्रियेविषयी, तिच्या भीतीविषयी लिहिलेले होते, हेही त्याने स्पष्ट केले. त्याने साक्षीसाठी सूट घातला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सभ्य दिसून त्याला सुटता आले असते. त्याऐवजी तो आपल्या वेषातच उभा राहिला आणि आपल्या वागण्याचा हिशेब त्याने त्या वेषातच दिला. त्याच समितीपुढे साक्ष दिलेले फ्रँक झापा यांचेही तसेच. दिसायला ते अवलिया होते, पण त्यांच्या बँडमध्ये अमली पदार्थांना सक्त मनाई होती आणि तालमीची शिस्त एखाद्या घराण्याच्या उस्तादांना शोभेल अशी होती.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर क्वीन या बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे घ्या. फारुख बलसारा हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९४६ मधला झांझिबारचा, घराणे पारशी, आणि आडनाव बलसार म्हणजे बडोद्याहून मुंबईला जाताना गाडी जेथे थांबते त्या वलसाडवरून आलेले. शिक्षण पाचगणीच्या निवासी शाळेत झाले आणि तेथेच मित्रांच्या बँडमध्ये ते पियानो वाजवू लागले. हजारो लोकांना एका हाताच्या इशाऱ्यावर नाचवणारा हा गायक खासगीत इतका लाजाळू होता की मुलाखती टाळत असे. १९९१ मध्ये त्यांचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातील प्रार्थना म्हणून केले. रंगमंचावरचा दिमाख खोटा होता, असे कोणी म्हणेल का? लाजाळू माणसाला जे एरवी जमत नाही, ते करण्याची ती एकच जागा होती.

आणि तुमच्या शहरातच राहून गेलेल्या एका माणसाची आठवण करून दिल्याशिवाय हे उत्तर संपवता येत नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील; नीट बांधलेला फेटा, झुपकेदार मिशा, शांत नजर. यांत बंड शोधूनही सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते, सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या आणि धर्म, जात, दरबार, घराणे या सगळ्यांना मागे टाकून ते दोघे बडोदे सोडून निघून गेले. पुढे ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. ती मुले म्हणजे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांच्यासारखे गायक. हिराबाईंनी आपल्या नावात ज्या गावाचे नाव जन्मभर वागवले, त्या गावातून त्यांच्या आईला निघून जावे लागले होते. रॉक संगीताच्या इतिहासात एवढे मोठे धाडस करणारे थोडेच सापडतील, आणि खाँसाहेबांनी त्याची जाहिरात कधी केली नाही.

प्रश्न : मी दिवसा शाळेत शिकवतो आणि नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. यंदा आयोजकांनी सांगितले आहे की, मी केस लाल करावेत, डोळ्यांत काजळ घालावे, स्टेजवर उड्या माराव्यात आणि नवमीच्या रात्री एक जुनी गिटार आपटून फोडावी. तरुण मंडळींना ते आवडते. मानधन चांगले आहे. माझा स्वभाव अगदी शांत आहे. मी काय करावे?
— एक गिटारवादक, नवापुरा, वडोदरा

उत्तर : केस आणि काजळ यांना माझी हरकत नाही. एसी डीसी या बँडचे अँगस यंग वयाची सत्तरी गाठल्यावरही शाळकरी मुलाची अर्धी चड्डी आणि टोपी घालून रंगमंचावर थयथयाट करतात. ती कल्पना त्यांच्या बहिणीची. एरवी ते मद्य घेत नाहीत, चहा पितात. शांत स्वभावाच्या माणसाला असा वेष पुष्कळदा मोकळे करतो. फक्त धुऊन निघणारा रंग वापरा, म्हणजे सोमवारी वर्गात जाताना अडचण होणार नाही, आणि तो रंग घरी पोहोचण्याआधी धुवा. अॅलिस कूपर यांनी नंतर स्वतःच सांगितले आहे की, एका काळात आपण कोठे संपतो आणि रंगमंचावरचे पात्र कोठे सुरू होते, हे त्यांना समजेनासे झाले होते. दारूपायी १९७७ मध्ये त्यांना रुग्णालयात राहावे लागले. त्यातून बाहेर पडल्यावर ते त्या पात्राविषयी तृतीयपुरुषी बोलू लागले, म्हणजे अॅलिस असे करतो, अॅलिस तसे करतो. तुम्हीही आपल्या लाल केसांच्या गिटारवाल्याला एखादे नाव देऊन ठेवा.

गिटार फोडण्यास मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. ही प्रथा पडली ती अपघाताने. १९६४ साली लंडनमधील हॅरो भागात, ठेंगण्या छताच्या एका खोलीत पीट टाउन्झंड यांच्या गिटारचे टोक छताला लागून मोडले. लोक हसतील या भीतीने त्यांनी ते मुद्दाम केल्यासारखे दाखवत उरलेली गिटारही फोडली आणि पुढच्या वेळी प्रेक्षक त्यासाठीच आले. पुढे कित्येकदा फोडलेली गिटार ते घरी नेऊन चिकटवत आणि पुन्हा वापरत. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे पंडित रविशंकर यांनी दुपारी सतार वाजवली आणि त्याच दिवशी रात्री त्याच रंगमंचावर जिमी हेंड्रिक्स यांनी आपल्या गिटारला आग लावली. हेंड्रिक्स यांच्या वादनाविषयी पंडितजींना आदर होता, पण वाद्य जळताना पाहून ते अतिशय व्यथित झाले; आपल्याकडे वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करतात, ही गोष्ट ते त्यानंतरही सांगत राहिले. हेंड्रिक्स यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या परंपरेत त्या ज्वाळांना वेगळा अर्थ होता. तुमच्या परंपरेत नवमीची रात्र सरली की दसरा उजाडतो आणि त्याच गिटारला हळद-कुंकू लागते.

आयोजकांना हे असेच सांगा. त्यांच्याही घरी त्या सकाळी वहीपूजन आणि शस्त्रपूजन होत असेल, त्यामुळे त्यांना ते पटण्याजोगे आहे. त्याऐवजी शेवटच्या फेरीत ढोल थांबवून तीन मिनिटे एकट्या गिटारची जागा मागून घ्या आणि त्या तीन मिनिटांसाठी आजपासून रोज तासभर बसा. उड्या तेव्हा माराव्याशा वाटल्या तर जरूर मारा.